सोनकी परत नेणारी

आदिमाता गौरीला माझा नमस्कार असो, आणि तिच्या आगमनाच्या सुमारास डोंगरउतारावर कोणी न लावता उमलणाऱ्या प्रत्येक फुलालाही असो. आज मूळ नक्षत्र. माझ्या घरच्या गौरीचे विसर्जन दुपारी झाले. पाटावरच्या अक्षता अजून तशाच आहेत. ज्या बाईविषयी मी लिहिणार आहे, ती वर्षातून दोनदाच पेणला आमच्या मागील दारी येत असे: आवाहनाच्या सकाळी फुले द्यायला, आणि आजच्या दिवशी, विसर्जनाच्या दुपारी, तीच फुले परत मागायला.

तिची एक लकब होती. टोपली पायरीवर ठेवायची, सोनकीची एक जुडी उजव्या हातात घ्यायची आणि डाव्या मनगटावर तीनदा हलकेच आपटायची. मग म्हणायची, "उतरा रे, पेन आलं." त्यासरशी जुडीतून दोन-चार मुंग्या, एखादा हिरवा किडा, क्वचित एखादा इवला कोळी पायरीवर उतरत. ते सगळे बाजूला होईपर्यंत ती थांबे आणि मगच जुडी माझ्या पत्नीच्या ओंजळीत देई. एस. टी.च्या वाहकाने प्रवासी उतरवावेत, तितकी शांत असे.

वाचकहो, हे स्मरण गोड होणार नाही, ते आधीच सांगून ठेवतो. चाळीसहून अधिक वर्षे मी पेण आणि रोह्याच्या घरोघरी पूजा सांगत आलो. पाठशाळेत जे शिकलो ते जपून वापरले, असा माझा समज होता. परंतु अलीकडे या दिवसांत मला आनंदापेक्षा किळस अधिक येते. पेणच्या भोगावती नदीच्या काठावरून जाताना नाकाला उपरणे लावावे लागते. हात निखळलेल्या, रंग सोललेल्या मूर्ती चिखलात उताण्या पडलेल्या दिसतात, आणि त्यांच्यामध्ये गाठी मारलेल्या पिशव्या फुगून तरंगत असतात. त्या पिशव्यांत आपण तीन दिवस हात जोडून ज्याला गंधाक्षता वाहिल्या तेच असते. ही किळस पुढे माझ्यापर्यंत कशी येऊन पोचली, ते सांगण्यासाठी हा खटाटोप.

सोनकी तुम्ही पाहिलेली आहे. नाव ठाऊक नसेल इतकेच. सूर्यफुलाला कोणी रुपयाएवढे करून ठेवावे, तसे ते फूल. मध्ये पिवळी गादी, भोवती पिवळ्या पाकळ्या, देठ वीतभर. बांधावर, भाताच्या खाचरात ती येत नाही. पाणी न साचणारा, पातळ मातीचा, उघड्या उन्हाचा उतार तिला लागतो. कासू स्थानकापासून डोंगराकडे चालत गेले की एक कातकरी वाडी लागते, आणि वाडीच्या वर डोंगराच्या खांद्यावर एक माळ आहे. भाद्रपदात तो माळ खालून पाहिला तर कोणी हळद वाळत घातली आहे असे वाटे. ही बाई त्या वाडीची. वाडीतल्या पाच-सहा बाया मिळून फुले खुडत. विकायला मात्र हीच येई.

आमच्याकडच्या पुष्कळ घरांत तेरड्याची गौर बसते आणि तिला सोनकीची वेणी लागते. वेणीवाचून गौर बोडकी दिसते, असे जुन्या बायका म्हणत. म्हणून हिची वाट पाहिली जाई. पण तिची एक अट होती, आणि ती अट लोकांना चमत्कारिक वाटे. विसर्जनाच्या वेळी सोनकी पाण्यात सोडायची नाही; ती तिला परत द्यायची.

"तुमची गौर पान्यात जाते," ती म्हणे. "माजी डोंगरात जाते. वाट येगळी हाय, येवढंच."

तिचे म्हणणे साधे होते. फूल खुडले तरी ते लगेच मरत नाही. कोमेजता कोमेजता ते आतल्या आत बी धरते, मग त्याचा पांढरा कापूस होतो, आणि त्या कापसाला बी लटकलेले असते. तिने कोमेजलेली फुले दहा दिवस वाळवायची, तळहातांत चुरायची आणि माळावर सोडायची. "आमी पाच-सहा बाया खुडतो. खुडल्यालं परत न्हेलं नाय, तर फुडल्या साली माळ उपाशी." या एका गोष्टीवर तो माळ उभा होता. माळ गेला की वाडीतल्या बायांची भाद्रपदातली मिळकत जाणार होती; परंतु मिळकतीविषयी बोलताना मी तिला कधी ऐकले नाही. ती माळाविषयी असे बोले, जसे आपण माहेराविषयी बोलतो.

एकदा तिने माझी चांगलीच फजिती केली. मी मागल्या ओटीवर पोथी घेऊन बसलो होतो. तिने पत्नीच्या तळहातावर एक फूल ठेवले, नखाने ते मधोमध फोडले आणि विचारले, "वैनी, ह्यात फुलं किती?"

"एक," पत्नी म्हणाली.

"नीट बग गो."

आम्ही दोघांनी पाहिले. मधल्या गादीतला प्रत्येक ठिपका म्हणजे एक पुरते फूल होते, पाच दातांची नळी असलेले. बाहेरची एकेक पाकळीसुद्धा वेगळे फूल होते. इतकी वर्षे ते हातात घेत आलो आणि कधी निरखून पाहिले नव्हते. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "मग गुरजी, तुमी देवाला येक वाह्यलं का शंबर?" मी पोथीचे पान उलटले. पत्नी तोंडाला पदर लावून आत गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही.

पेणजवळ जोह्याला मूर्तींच्या एका कारखान्यातही तिची हीच रीत चाले. तिथला एक म्हातारा रंगारी गणपतीच्या पितांबराचा पिवळा रंग सोनकीवरून जुळवत असे. समोर पेल्यात तिची एक काडी ठेवायची आणि कुंचला लावायचा. मूर्ती रंगवून झाल्या की ही पेला मागायला हजर. मी मूर्ती ठरवायला गेलो असता त्यांचा संवाद ऐकला आहे.

"अगो, एका काडीने तुझा डोंगर उजाड व्हनार हाय काय?"

"रंग घ्या की. रंगाला मी नाय म्हंते काय? फूल द्या."

रंगाऱ्याने पेल्यातून काडी काढून दिली. तो रंगारी गेल्यावर आता तिथे यंत्राने पिवळा रंग फवारतात. तो रंग मला नासलेल्या आंब्यासारखा दिसतो.

आणखी एक प्रसंग सांगून मुख्य गोष्टीकडे वळतो. रोह्याला एका कारखान्याच्या वसाहतीत पूजा सांगून मी स्थानकाकडे येत होतो. रस्त्यालगत ही रानभाज्या घेऊन बसली होती. तिच्या पाठीमागे वसाहतीच्या कुंपणाशी कमरेएवढी झुडपे, आणि त्यांवर नारिंगी-पिवळी फुले दाटून आली होती. मी मोठ्या उत्साहाने म्हणालो, "अगो, तू डोंगर कशाला चढतेस? तुझी सोनकी इथेच फुलली आहे."

तिने मान वळवून पाहिलेसुद्धा नाही. "ती कंपनीची हाय, गुरजी. पावसात डूटी, उन्हात डूटी, सुट्टी नाय. आपली तशी नाय. बोलावनं आलं की येते, पाठवनी झाली की जाते."

मग मी जवळ जाऊन पाहिले. पाने निराळी, देठ निराळा, पाकळ्या मोठ्या आणि बोथट. बाहेरदेशाहून शोभेसाठी आणलेले ते झाड. ज्याला देवाला काय वाहावे आणि काय वाहू नये हे सांगण्याचा अधिकार लोकांनी दिला होता, त्याला एवढेही ओळखता येत नव्हते.

आता ती दुपार.

पेणमधले एक मोठे घर. माझे जुने यजमान. मूळ नक्षत्रावरचे विसर्जन होते. घरच्या सुनेने गौरीची वेणी उतरवली, सोनकी बाजूला काढली आणि मागल्या दारी निघाली, कारण ही तिथे गोणी घेऊन उभी होती. पाऊस नुकताच थांबला होता. हिच्या पायांना घोट्यापर्यंत चिखल, आणि गोणीतून दहा घरच्या कोमेजल्या फुलांचा आंबूस वास येत होता. सासूबाईंनी सुनेला थांबवले आणि मला विचारले, "गुरुजी, निर्माल्य असे कोणाच्या हाती देतात का? आपण कधी बोलला नाहीत."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मला काय येत होते, ते आज स्पष्ट लिहितो. निर्माल्य पायदळी तुडवू नये. ते वाहत्या पाण्यात सोडावे, अथवा झाडाच्या मुळाशी, शुद्ध जागी ठेवावे, असे मला शिकवलेले होते. दुसरा पर्याय मला ठाऊक होता. तो मी सांगितला नाही. त्या गोणीकडे आणि त्या पायांकडे पाहून मला शिसारी आली होती, आणि ती शिसारी मी शास्त्राच्या तोंडून बोललो.

"निर्माल्य पाण्यातच गेले पाहिजे," मी म्हणालो. "एकदा वाहिलेले पुन्हा कोणी नेऊ नये."

सून जागच्या जागी उभी राहिली. ही दारातून सगळे ऐकत होती. तिने वाद घातला नाही. "बरं गुरजी," ती म्हणाली. "पान्यात काय उगवत नाय, येवढंच." गोणीचे तोंड दुमडून ती निघून गेली.

गावात अशी वाक्ये लवकर पसरतात. गुरुजींनी सांगितले आहे, एवढ्यावर एकेक दार मिटत गेले. त्या वर्षानंतर तिने आमच्या दारी फुले आणून दिली, पण मी घरात असताना परत मागायला ती आली नाही. मीही विचारले नाही. तिसऱ्या-चौथ्या वर्षी जुड्या बारीक झाल्या. मग टोपलीत तेरडाच जास्त दिसू लागला. लोक म्हणत, "सोनकी नसेल तर दुसरं पिवळं काही आण, तुला काय होतंय." ती म्हणे, "दुसरं पिवळं तुमच्या गटाराकडंबी हाय. तुमीच खुडा." हळूहळू लोकांनी बाजारातली प्लास्टिकची वेणी घेतली. त्या मोठ्या घरच्या सासूबाईंनी ती मला कौतुकाने दाखवली. "धुता येते, गुरुजी. दर वर्षी तीच." मी त्या वेणीवर अक्षता टाकल्या. दक्षिणाही घेतली. त्या हाताची मला आजही ओकारी येते.

मागच्या वर्षीची गोष्ट. नदीकाठच्या एका मंडळाने निर्माल्यासाठी मोठी पिंपे ठेवली होती, आणि अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी समारोपाला म्हणून मला बोलावले होते. पिंपांवर देवाची चित्रे चिकटवलेली. जवळ गेलो आणि आत डोकावलो. नारळ, केळी, भिजलेला कापूस, थर्माकोलचे तुकडे आणि प्लास्टिकच्या गाठी मारलेल्या पिशव्या, सगळे एकत्र कुजत होते. त्यावर माश्यांचा थर होता. एक कार्यकर्ता भाषण करत होता, आणि बाजूला त्याच्या चहाचा कागदी पेला कोणीतरी त्याच पिंपात टाकला.

वरच असलेल्या एका पारदर्शक पिशवीत मला पांढरे काहीतरी दिसले. बुरशी असावी. का कोण जाणे, मी ती पिशवी उचलली आणि गाठ सोडली. आत कोणीतरी वाहिलेली सोनकीची एक लहान जुडी होती. ती बुरशी नव्हती. पिशवीच्या कोंडमाऱ्यात, घाणीत, त्या फुलांनी आपले काम पुरे केले होते. प्रत्येक गेंदाचा कापूस झाला होता, आणि प्रत्येक तंतूच्या टोकाला बारीक बी होते. वाफेने ओला झालेला तो कापूस प्लास्टिकला चिकटून बसला होता. त्याला उडायला जागा नव्हती.

वाचकहो, मी त्या पिंपापाशी किती वेळ उभा होतो, ते सांगता येत नाही. भाषण संपले, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मला आशीर्वचन म्हणायला सांगितले. मी पिशवी धरून तसाच उभा राहिलो. गुरुजींना वासाने मळमळते आहे, असे समजून त्यांनी मला खुर्ची दिली. त्या मोठ्या घरी मी एका वाक्यात काय सांगितले होते, ते माझ्या हातातल्या त्या पिशवीत होते.

तिथून मी बाजारात गेलो. तिथे एका भुसाराच्या दुकानाच्या ओट्यावर बसून ती फुले विकत असे. दुकानदार कोकणी मुसलमान. दोन्ही मुलगे आखातात. सारे गाव त्यांना चाचा म्हणते. मी विचारले, "ती बाई कुठे भेटेल?"

"यंदा गुडघा धरलाय तिचा. फुलं सुनेच्या हाती पाठवली," चाचा म्हणाले. "का हो? आता काय राह्यलं सांगायचं?"

हा टोमणा होता, आणि तो मला लागावा अशाच बेताने मारला होता. मी हातातली पिशवी दाखवली आणि म्हणालो, "ही तिला द्यायची आहे."

चाचांनी पिशवी पाहिली, माझ्याकडे पाहिले आणि मला माळ्यावर नेले. तांदळाच्या पोत्यांच्या बाजूला वर्तमानपत्रावर सोनकीची फुले वाळत घातलेली होती, कोरडी, पांढरी, हलकी. "ही दरसालची. एका घरनं येतात. बाकी कुनी देत नाय."

"कोणाच्या घरून?"

चाचा थोडे हसले. "वैनींनी सांगितलंय, गुरजींना बोलू नका. मी बोललो नाय. तुमीच जिना चढलात."

घरी आलो. पत्नी तांदूळ निवडत होती. मी समोर बसलो आणि विचारले, "इतकी वर्षे?"

तिने ताटातून मान वर केली नाही. "तुम्ही शास्त्र सांगितलंत ते यजमानांच्या घरचं," ती म्हणाली. "माझ्या घरचं मी विचारलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी चाचांकडच्या वाळल्या फुलांची पुडी आणि ती पिशवी घेऊन मी पेणहून रोह्याकडची गाडी धरली आणि कासूला उतरलो. वाडीपर्यंत जाताना दिसले की डोंगराच्या पायथ्याशी कोणीतरी प्लॉट पाडले आहेत. नवा रस्ता, कमान आणि दोन्ही बाजूंना तीच नारिंगी-पिवळी, बारमाही ड्यूटीवरची फुले. ती रस्त्यापुरती राहिली नव्हती. उतारावर चढत चढत ती माळापर्यंत पोचली होती. मोटारी लावून माणसे त्यांत उभी राहून फोटो काढत होती. एक जण ओरडून सांगत होता की अस्सल सह्याद्रीचे रानफूल बघा. जिथे उभे होते तिथेच त्यांनी वेफर्सची पाकिटे टाकली होती.

ती माळाच्या कडेला दगडावर बसली होती. गुडघ्याला कसला तरी पाला बांधलेला. बसल्या जागेवरून हात पोचेल तेवढी ती परकी झुडपे ती मुळासकट उपटत होती; बाजूला त्यांचा ढीग झाला होता.

मला पाहून म्हणाली, "आवो गुरजी, पाय बगा तुमचं. वैनी वरडंल."

माझे पाय घोट्यापर्यंत चिखलात होते.

मी म्हणालो, "त्या दिवशी मी चुकलो."

ती म्हणाली, "व्हय."

पुढे काही नाही. 'असू द्या', 'जाऊ द्या', असे काहीच नाही. तिने एक झुडूप उपटले, मुळाची माती झटकली आणि ढिगावर टाकले. मग काठी टेकत उठली आणि मला माळाच्या वरच्या टोकाला घेऊन गेली. तिथे, आमच्या अंगणाएवढ्या जागेत, खरी सोनकी उभी होती. बाकी सगळा माळ परक्यांनी खाल्ला होता.

"ही तुमच्या घरची," ती म्हणाली. "वैनीची."

माझ्या घरच्या देवाला वाहिलेले, माझ्या नकळत इथे येऊन वर्षानुवर्षे फुलत होते, आणि मी खाली घरोघरी लोकांना पाण्याकडे वळवत होतो. त्या जागेला नमस्कार करताना मला लाज वाटली.

तिने मला शिकवले. वाऱ्याकडे पाठ करायची. फूल दोन्ही तळहातांत धरायचे, चुरायचे. जोर लावायचा नाही. मग हात उघडायचे. ओला कापूस तिने माझ्या उपरण्यावर उन्हात पसरायला लावला. "सुकंल. न्हाय सुकला तर मातीत दाब."

मी विचारले, "सोडताना काही म्हणतेस का?"

"म्हंते की." तिने हात उघडले. "उतरा रे, घर आलं."

निघताना मी विचारले, आता मी काय करू? ती म्हणाली, "ज्या तोंडानं दारं बंद केलीत, त्या तोंडानं उगडा." एवढे सांगून ती पुन्हा दगडावर बसली आणि पुढचे झुडूप धरले.

मी उघडायचा प्रयत्न केला. वर्षभर ज्या ज्या घरी गेलो, तिथे सांगितले की निर्माल्य झाडामुळाशी, मातीत, डोंगरावर देता येते. आधी अर्धेच सांगितले, ती माझी चूक. काही घरांनी मान डोलावली. त्या मोठ्या घरच्या सासूबाई हसून म्हणाल्या, "आता कशाला गुरुजी? आमची वेणी धुता येते ना." ही दारे एका दुपारी बंद करायला सोपे गेले, उघडायला जन्म पुरेल असे दिसत नाही. म्हणून हे लिहितो आहे. माझा जो शब्द ऐकून पेण-रोह्याच्या घरांतले कोणी सोनकी नदीत सोडत असेल, त्याने तो शब्द मी परत घेतला आहे असे समजावे.

दिवाळीनंतर वाडीतली माणसे दर वर्षीप्रमाणे वीटभट्टीवर गेली. गुडघा धरलेला असताना तीही गेली. ज्येष्ठात बाकी सगळी परतली. ती परतली नाही. मला हे परवा कळले, आवाहनाच्या सकाळी, तिच्या सुनेकडून. सून मागल्या दारी टोपली घेऊन आली होती. टोपलीत तेरडा होता आणि सोनकीची एकच जुडी.

"येवढीच खुडली," ती म्हणाली. "म्हातारी सांगून गेली, फकस्त ह्या घरी द्यायची. हितनं परत येते."

तिने जुडी पत्नीच्या ओंजळीत दिली आणि ती निघाली. मनगटावर आपटणे राहून गेले.

पूजेच्या वेळी त्या जुडीतल्या मुंग्या बाहेर आल्या. गौरीच्या मुखवट्यावरून, नाकातल्या नथीवरून त्या ओळीने चालू लागल्या. दर्शनाला आलेल्या एका बाईंनी "शी!" केले आणि रुमाल काढला. मी त्यांना थांबवले. मंत्र सोडून मी मुंग्यांकडे पाहत राहिलो. त्यांना उतरा म्हणून सांगणारे कोणी नव्हते, आणि आपण कुठे आलो आहोत हे त्यांना कळत नव्हते.

आज गौर गेली. सोनकी मी बाजूला काढून माझ्याच पंचावर, ओटीवर पसरली आहे. गाठ मारलेल्या पिशवीत कोंडलेली नाही. दहा दिवसांत ती वाळेल. मग कासूला जाईन. चढ आता मला जड जातो, तरी तिची सून बरोबर येते म्हणाली आहे. वाटेतली परकी झुडपे हाताला लागतील तेवढी उपटीन, वाऱ्याकडे पाठ करीन आणि जे म्हणायचे ते म्हणेन.

वाचकहो, तुमच्या घरी गौर भरल्या पावलांनी येवो आणि तृप्त होऊन जावो. तुमच्या लेकीसुना, मुलेबाळे, गुरेवासरे सुखात राहोत. आणि गौरीसंगे जे जे कोणी रानातून तुमच्या दारी आले असेल, फूल, पान किंवा वाट चुकलेली मुंगी, त्याला घरी पोचवण्याइतकी सवड आणि श्रद्धा तुमच्या घराला सदैव लाभो.